वजनाचं इंजेक्शन घेऊ का, डॉक्टर?

गेल्या वर्षभरात माझ्या ओपीडीत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न शुगरचा नाही, बीपीचाही नाही. "डॉक्टर, ते आठवड्यातून एकदा घ्यायचं वजनाचं इंजेक्शन कसं आहे हो?" हा आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड (माउंजारो) आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) आपल्याकडे मिळू लागलं, तेव्हापासून हे सुरू आहे. विचारणाऱ्याला "चांगलं" किंवा "वाईट" एवढंच ऐकायचं असतं. समोर कोण बसलं आहे हे पाहिल्याशिवाय मला ते सांगता येत नाही.

आधी थोडं औषधाबद्दल. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात येतं. ते मेंदूला "आता पुरे" असं कळवतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होतं. औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते, म्हणून भूक मंदावते आणि दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं.

परिणाम खरा आहे, त्यात शंका नको. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसत्या सल्ल्यावर असणाऱ्यांचं २.४ टक्के. १०० किलोच्या माणसाचे १५ किलो म्हणजे गुडघ्यांना विचारा किती ते! पण त्यांतल्या काही जणांवर औषध थांबवल्यावरही लक्ष ठेवलं गेलं. वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. ही दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या व्हिडिओत सहसा नसते.

आता दोन पेशंट. ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सप्टेंबरमध्ये एक सत्तावीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. बँकेत नोकरी, लग्न डिसेंबरात. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बीएमआय २४.२. भारतीयांसाठी २३ च्या वर "वजन जास्त" धरतात, त्या हिशेबाने ती किंचित वर. कमरेचा घेर, शुगर, बीपी, थायरॉइड सगळं ठीक. "नुसतं लग्नापुरतं द्या ना," आई म्हणाली.

हे औषध बीएमआय ३० च्या वर असलेल्यांसाठी आहे, किंवा २७ च्या वर असून सोबत मधुमेह, बीपीसारखा त्रास असेल तर. पण नियम बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नव्हता. डोस हळूहळू वाढवावा लागतो. सेमाग्लुटाइडचा पूर्ण डोस सुरू व्हायलाच १६ आठवडे लागतात. म्हणजे पूर्ण परिणाम दिसायच्या आत लग्न होऊन गेलेलं, आणि केळवणांच्या काळात मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि लग्नानंतर थांबवलं की वजन परत. तिच्या ६२ किलोंपासून तिला होणारा धोका जवळजवळ शून्य होता. धोकाच नसेल तर औषधाने कमी काय करायचं? ती नाराज होऊन गेली. दुसरीकडून घेतलं की नाही, माहीत नाही. लग्नाची पत्रिका मात्र आली.

त्याच महिन्यात एक एसटी ड्रायव्हर आले. वय ५१, उंची १७० सेंटिमीटर, वजन ११२ किलो, बीएमआय ३८.८. नऊ वर्षांचा मधुमेह, बीपी. त्यांना इंजेक्शन नकोच होतं, "किडनी जाते म्हणे" असं कुणीतरी सांगितलेलं. बायको म्हणाली, "हे रात्री इतके घोरतात की मध्येच श्वास थांबतो. मी हलवून उठवते." दुपारी जेवल्यावर डोळा लागतो का, असं मी विचारलं. ते गप्प बसले. तपासणीत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला. झोपेत घशाची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, रात्रभर झोप तुटत राहते आणि दिवसा झापड येते. मागे चाळीस प्रवासी बसलेले असताना ही झापड काय करू शकते हे सांगायची गरज नव्हती. उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही, असं मी लेखी दिलं. डेपोत दुसरं काम मिळालं, पण ड्रायव्हिंगचे भत्ते गेले.

इथे तराजूचं दुसरं पारडं जड आहे. त्यांचं वजन त्यांना आजच इजा करतंय. टिर्झेपॅटाइडला लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यताही मिळाली आहे. अशा माणसाला मळमळीच्या भीतीने औषध नाकारणं मला पटत नाही.

तरी भीतीला मी हसत नाही. मी डॉक्टर झालो त्या काळात वजनाच्या औषधांचा इतिहास वाईटच होता. फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा खराब करतं म्हणून १९९७ मध्ये बाजारातून गेलं. सिब्युट्रामाइनने हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढतात असं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि पुढच्या वर्षी भारतातून गेलं. या नव्या औषधाबाबत चित्र उलट दिसलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच हृदयविकार असलेले, वजन जास्त पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण होते. सुमारे सव्वातीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी घडलं ते साध्या इंजेक्शनवाल्या गटात शंभरातल्या ८ जणांना आणि औषधाच्या गटात ६.५ जणांना. जाहिरातीत हेच "२० टक्के घट" असं येतं. दोन्ही खरं आहे, पण शंभर माणसांमागे दीड जण वाचला हे ऐकून निर्णय घेतलेला बरा. त्याच चाचणीत औषधवाल्यांपैकी १६.६ टक्के लोकांनी त्रासामुळे औषध सोडलं. दुसऱ्या गटात ८.२ टक्के.

पोटाच्या तक्रारी बहुतेकांच्या हळूहळू कमी होतात. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज हे मात्र गंभीर. पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली तर "गॅस असेल" म्हणून ओवा खात बसू नका. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ही औषधं घ्यायची नाहीत. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न असू शकतं.

मला स्वतःला जास्त काळजी स्नायूंची वाटते. उतरलेल्या वजनात नुसती चरबी नसते. स्नायूही जातो, निरनिराळ्या अभ्यासांत पाव हिस्सा ते चाळीस टक्क्यांपर्यंत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपण दिसायला बारीक आणि आतून जाड असतो, स्नायू मुळातच कमी. भूक मेल्यावर आपले पेशंट सोडतात काय, तर डाळ-उसळ. चहा-बिस्किटं चालूच! त्यामुळे इंजेक्शन सुरू करायचं तर रोजचं प्रथिन आणि वजनं उचलायचा व्यायाम आधी ठरवायचा.

ड्रायव्हरसाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद केलं की परत वाढणार ना? सहा महिन्यांचे पैसे जमतील. घेऊ का?"

बाजारात आलं तेव्हाच्या किमतीने टिर्झेपॅटाइडच्या सुरुवातीच्या डोसचं एक इंजेक्शन ३,५०० रुपयांना, त्याच्या पुढच्या डोसचं ४,३७५ ला. सहा महिन्यांचा हिशेब लाखाच्या वर जातो. सातव्या महिन्यात भूक परत आली असती आणि लाख गेले असते. मी नको म्हणालो. त्या पैशांतून आधी सीपॅप मशीन घ्यायला लावलं. रात्री नाकाला लावायचं, हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. शुगरसाठी ते ग्लिमेपिराइड घेत होते. त्याने शुगर एकदम खाली जाऊ शकते आणि वजनही वाढतं, म्हणून ते बदलून स्वस्त डॅपाग्लिफ्लोझिन दिलं.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं. त्यानंतर आपल्या कंपन्यांची औषधं येणं आणि किंमत उतरणं अपेक्षित. किती उतरते ते पाहून, निदान दोन-तीन वर्षं झेपेल असा आकडा असेल तर सुरू करू, असं आमचं ठरलं आहे. मधुमेह जुना आहे आणि शुगर झपाट्याने उतरली की डोळ्याच्या पडद्याचा त्रास वाढू शकतो, म्हणून एप्रिलमध्ये येताना ती तपासणी करून यायला सांगितली आहे. सध्या वजन १०८ आहे. दुपारची झापड गेली, असं बायको म्हणते. गाडी पुन्हा हातात द्यायची की नाही, ते झोपेची तपासणी परत केल्यावर बघू.