वऱ्हाडात क्लच बसला!

अकोला ते अमरावती हा रस्ता आता भलताच गुळगुळीत झालाय. २०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि थेट गिनीज बुकात नोंद झाली. लाँग ड्राइव्हला आणखी काय हवं? पण जुन्या गाडीला असा रस्ता फसवतो. एकदा टॉप गिअर पडला की मूर्तिजापूर येऊन जातं तरी क्लचवर पाय ठेवायची वेळ येत नाही. आजार कळतो तो बडनेऱ्याच्या पुढे, गर्दी सुरू झाल्यावर.

गाडी मित्राच्या वडिलांची. स्टँडर्ड हेराल्ड, साठच्या दशकातली, दोन दारांची, मद्रासला बनलेली. ब्रिटनमध्ये ट्रायम्फनं हिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये 'स्पिटफायर' ही टू-सीटर स्पोर्ट्‌स कार काढली. दोन्हींचं डिझाइन एकाच इटालियन माणसाचं, जोव्हानी मिकेलॉटीचं. त्यामुळे हेराल्डवाले स्वतःला स्पोर्ट्‌स कारवालेच समजतात आणि त्यांना कुणी अडवू नये! पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं तेव्हा कुठल्याही चौकात दहा माणसं जमतात, हे मात्र खरं.

बेत साधा होता. काकांना याच गाडीतून चिखलदऱ्याला न्यायचं. अकोल्याहून अमरावती, मग परतवाडा, मग घाट. वीकेंड दोन दिवसांचा.

राजापेठेजवळच्या सिग्नलला मित्रानं पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून ठेवला. पाच-सात सेकंदांत गाडी आपोआप पुढच्या ऑटोकडे सरकायला लागली. पाय पूर्ण दाबलेला, तरी! पेडल दोनदा पंप केलं की गिअर पडायचा, थांबलो की पुन्हा तेच. रिव्हर्स टाकताना तर असा कर्रर्र आवाज, की शेजारच्या स्कूटीवाल्या मुलीनं वळून पाहिलं.

मेन रोडवरच्या एका गॅरेजात निदान दोन मिनिटांत झालं. "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. दोन-तीन दिवस." साठ वर्षांच्या जवळ पोचलेल्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गंजलेले बोल्ट, न मिळणारे पार्ट आणि महिनाभर गाडी तिथेच. काका शांतपणे म्हणाले, "तेवढं कराचं असन त राहू द्या. इकून टाकू." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की मित्राला पुढे बोलवेना.

चहाच्या टपरीवाल्यानं आतल्या गल्लीतला एक मिस्त्री सुचवला. पत्र्याचं शेड, एक पाना-बोर्ड, एक बाकडं. साठीचा माणूस. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारला.

"चढावर इंजिन नुसतं बोंबलते का? आवाज वाढते अन् गाडी पळत नाही, असं?"

"नाही."

"मंग प्लेट कायले गेली म्हणता भाऊ?"

हा एक प्रश्न मला सगळ्या कार मॅगझिन्सपेक्षा जास्त शिकवून गेला. प्लेट झिजली की क्लच धरत नाही, घसरतो. आमचा क्लच धरत होता, सुटत नव्हता. हे दोन उलटे आजार आहेत आणि दोन्हींना लोक 'क्लच गेला' असंच म्हणतात.

हेराल्डचा क्लच वायरवर नाही, तेलावर चालतो. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातं, स्लेव्ह एक दांडी पुढे रेटतो आणि क्लच सुटतो. तेल कुठे गळलं, हवा शिरली किंवा रबर म्हातारं झालं, की दांडी पुरेशी रेटली जात नाही. म्हणजे प्लेट नवीकोरी असली तरी गिअर कुरकुरणार.

मिस्त्रींनी आधी डबीतलं तेल पाहिलं. भरलेलं, पण चहासारखं काळपट. मग पेडलच्या मागे हात घालून मॅट चाचपली. कोरडी. मास्टरचं मागचं रबर फाटलं की तेल थेट पायाशी गळतं म्हणे. मग गाडीत बसूनच गिअरबॉक्सवरचं कव्हर स्क्रू काढून उचललं आणि स्लेव्हची रबरी टोपी दाबून पाहिली. तीही कोरडी. रबरी होज फुगतो का, तेही बघून झालं. फुगत नव्हता.

"आता दाबा. सोडू नोका."

मित्रानं पेडल दाबलं. स्लेव्हची दांडी पुढे आली, डोळ्याला स्पष्ट दिसेल एवढी. आणि मग, पाय तसाच असताना, हळूहळू स्वतःहून मागे गेली. सिग्नलवर गाडी का सरकत होती ते टॉर्चच्या उजेडात समोर दिसत होतं. तेल बाहेर कुठेच जात नव्हतं. मास्टरच्या आत रबराच्या कडेवरून मागच्या मागे निसटत होतं. म्हणून डबी भरलेली आणि क्लच मेलेला!

मास्टर उतरवायला अर्धा तास लागला. आतून काळी पेस्ट निघाली आणि इवलंसं वाटीसारखं रबर, एका बाजूनं झिजलेलं. नळी आतून नखानं तपासली, ओरखडा नव्हता. ओरखडा असता तर नवं रबरही आठवड्यात गेलं असतं. सगळं ब्रेक ऑइलनंच धुतलं. पेट्रोलनं कधीच नाही, रबर फुगतं.

हेराल्डचं कीट अमरावतीत मिळेल ही आशा नव्हतीच. मिस्त्रींनी पोराला मोंढ्याकडे पिटाळलं आणि आम्ही तेवढ्यात गिलावडा खाऊन आलो. (अमरावतीला जाऊन गिलावडा न खाणाऱ्यांनी आपला प्रॉब्लेम आधी तपासावा.) पोरानं तीन वेगवेगळ्या जुन्या गाड्यांची रबरं आणली. मिस्त्रींनी व्हर्नियरनं मोजून एक निवडलं. "हे ब्रेकचं असतं त म्या लावलं नसतं," ते काकांकडे बघून म्हणाले. "क्लच हाय, फसला त गाडी उभी राह्यते. बरोब्बर कीट मागवून घ्या."

मग हवा काढणं. एकानं पेडल पंप करून दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्हचं निपल सैल करायचं, बुडबुडे निघाले की निपल घट्ट, मगच पाय सोडायचा. क्रम चुकला की उलट हवा आत ओढली जाते. नळीचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. ऑइल सीलबंद डब्यातलं हवं, कारण ते हवेतली ओल पितं. कोरडं डॉट-३ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल पिऊन जुनं झालं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. दोन वर्षांनी बदला म्हणतात ते यासाठी. आमचं किती जुनं होतं, काकांनाही आठवेना. दोन थेंब मडगार्डवर उडाले, तर मिस्त्रींनी लगेच पाणी ओतलं. हे तेल रंग खातं.

बारा-पंधरा वेळा केल्यावर पेडल वर आलं आणि घट्ट झालं. पहिला गिअर, पाय दाबलेला, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. गाडी जागची हलली नाही. मजुरी आणि रबर मिळून, मेन रोडवाल्यानं नुसत्या गिअरबॉक्स उतरवायच्या सांगितलेल्या पैशांचा दहावा भागही झाला नाही.

वलगावला पेढी नदी ओलांडली तेव्हा चार वाजले होते. परतवाड्यापुढे घाट लागला, सागाची झाडं दोन्हीकडून जवळ आली आणि काकांनी मित्राला बाजूला व्हायला सांगितलं. उरलेली वळणं त्यांनीच घेतली. दर वळणाला क्लच, तिसऱ्यातून दुसरा, आवाज न करता. वर पोचल्यावर गाविलगडाच्या बाजूला सूर्य उतरत होता. काकांनी बॉनेट उलटलं आणि तेलाच्या डबीवर सकाळी मिस्त्रींनी मारलेली खूण पाहिली. तेल बरोबर रेषेवर होतं.

कीट इंग्लंडहून मागवलंय. काका रोज विचारतात, आलं का म्हणून.