मुक्याचा पत्ता

जत्रेच्या गर्दीत एखादे लहान मूल आईपासून चुकले, तर ते रडत रडत का होईना, आपले नाव सांगते, गावाचे नाव सांगते, घरापुढच्या पिंपळाची खूण सांगते. कोणी तरी भला माणूस त्याला बोटाला धरून चौकीवर नेतो आणि घटकाभरात मायलेकरांची भेट होते. पण त्याच गर्दीत घरचा कुत्रा चुकला, तर त्याने काय सांगावे? त्याला आपले घर ठाऊक असते. घरातल्या प्रत्येकाच्या पावलांचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. धन्याच्या अंगाचा वास तो हजारांतून हुडकून काढतो. नसते ती केवळ वाणी! सांगण्यासारखे सर्व काही जवळ असून ज्याला ते सांगता येत नाही, अशा जीवाचा पत्ता दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावा लागतो.

तो नीट सांभाळला गेला नाही म्हणजे काय होते, याची एक हकीगत इंग्लंडच्या इतिहासात नमूद आहे. लंडन शहरात विंपोल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील एका घरात एलिझाबेथ बॅरेट ही कवयित्री राहत असे. दीर्घ आजाराने तिचे आयुष्य बहुतांशी एका खोलीत बंदिस्त झाले होते. १८४० साली तिचा लाडका भाऊ समुद्रात बुडून मरण पावला आणि त्या दुःखाने ती अगदी खचून गेली. तेव्हा मेरी मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीने तिला सोबत म्हणून एक कुत्रा भेट दिला. त्याचे नाव फ्लश. सोनेरी तपकिरी केसांचा आणि लांब कानांचा हा स्पॅनियल जातीचा कुत्रा दिवसचे दिवस तिच्या पायांशी बसून राही. बाहेरच्या हिरवळीवर हुंदडण्याचे त्याचे वय. पण त्याने मालकिणीची अंधारी खोलीच आपली मानली.

त्या काळच्या लंडनमध्ये कुत्री चोरण्याचा धंदा मोठा भरभराटीला आला होता. चोरांच्या टोळ्या सधन वस्तीतील घरांवर पाळत ठेवीत. कोणता कुत्रा कोणाचा, त्याच्यावर घरातील कोणाचा अधिक जीव आहे, याची त्यांना बित्तंबातमी असे. मालकाची पाठ वळली की कुत्रा उचलायचा, गलिच्छ वस्तीतल्या एखाद्या कोंदट खोलीत डांबायचा आणि मग मध्यस्थामार्फत घरी निरोप धाडायचा : इतके पैसे द्या, कुत्रा परत मिळेल. कुत्र्याची किंमत त्याच्या जातीवरून ठरत नसे; मालकाच्या मायेवरून ठरत असे. पैसे न दिल्यास कुत्र्याचे डोके कापून घरी पाठवू, अशी धमकीही मिळे.

यावर कायद्याचा इलाज नव्हता काय? होता, पण तो फार लंगडा होता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात गाय, घोडा किंवा मेंढी चोरणे हा भारी गुन्हा होता. कुत्रा मात्र खऱ्या अर्थाने मालमत्ता मानला जात नसे. पुढे १८४५ साली कुत्राचोरीविरुद्ध अधिक कडक कायदा झाला. तथापि कायदा पुस्तकात असला, तरी भय मनात असते. आपला कुत्रा जिवंत परत यावा म्हणून माणसे मुकाट्याने पैसे देत आणि मौन पाळीत. त्या मौनावरच चोरांचे पोट भरत असे.

फ्लश १८४३ साली चोरीला गेला आणि १८४४ साली पुन्हा गेला. दोन्ही वेळा पैसे भरून त्याची सुटका करावी लागली. सप्टेंबर १८४६ मध्ये तो तिसऱ्यांदा गेला. एलिझाबेथ आपल्या बहिणीबरोबर बाजारात गेली होती. फ्लश मागोमाग चालत होता. घोडागाडीत चढून तिने मागे वळून पाहिले, तो फ्लश नाहीसा झालेला! एक क्षण पाठ वळली, तेवढा क्षण चोरांना पुरला.

टेलर नावाचा इसम त्या टोळीचा म्होरक्या होता. त्याची मागणी सहा गिनींची होती. गिनी म्हणजे त्या वेळचे एक पौंड एक शिलिंग. सामान्य मजुराला एवढी रक्कम मिळविण्यास कित्येक आठवडे राबावे लागे. एलिझाबेथच्या वडिलांनी एक छदामही द्यायचा नाही, असे बजावले. ज्याच्याशी तिचा विवाह ठरला होता, तो कवी रॉबर्ट ब्राउनिंग हाही याच मताचा होता. त्याचे म्हणणे असे की, चोराला पैसे देणे म्हणजे चोरीला उत्तेजन देणे होय. आज एकाने पैसे दिले, की उद्या आणखी दहा कुत्री उचलली जातात. एका कुत्र्यासाठी दुष्टांचा हात बळकट करणे हा अन्यायच आहे.

हा युक्तिवाद खोडून काढण्याजोगा नव्हता. एलिझाबेथने तो खोडलाही नाही. तिने आपल्या पत्रातून एवढेच विचारले की, उद्या इटलीतील दरोडेखोरांनी तिलाच पळवून नेले आणि तिचा कान कापून पाठविला, तरी तो असाच न्यायाचा विचार करीत बसेल काय? न्याय थोर खरा. पण ज्या मुक्या जीवाने तिच्या आजारपणात तिची साथ सोडली नाही, त्याला संकटात टाकून न्यायी म्हणवून घेणे तिला मान्य नव्हते.

महाभारतात अशीच एक कथा आहे. स्वर्गाच्या वाटेवर धर्मराजाचे बंधू आणि द्रौपदी एकेक करून गळून पडले. शेवटपर्यंत सोबतीला राहिला तो एक कुत्रा. इंद्राने रथ आणला आणि कुत्र्याला मागे सोडून ये, असे सांगितले. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. विश्वासाने पाठीशी आलेल्याला टाकले नाही. लंडनच्या त्या कवयित्रीने ही कथा ऐकली असो वा नसो, तिच्या पुढचा प्रश्न तोच होता आणि तिचे उत्तरही तेच होते.

ज्या बाईला जिना उतरणे हेही एके काळी साहस वाटे, ती भाड्याची घोडागाडी करून आणि विल्सन नावाच्या आपल्या दासीला बरोबर घेऊन शोरडिच या बदनाम वस्तीत गेली. अरुंद बोळ, गाडीभोवती जमलेले अनोळखी चेहरे, दासी भीतीने अर्धमेली झालेली! टेलर घरी नव्हता. त्याच्या बायकोने आश्वासन दिले आणि गाडी रिकामीच परतली. नंतर टेलर स्वतः पैसे घेण्यास विंपोल स्ट्रीटला आला. तेवढ्यात एलिझाबेथच्या एका भावाने रागाच्या भरात त्याला चोर, लबाड म्हणून सुनावले. शब्द खोटे नव्हते, पण वेळ चुकीची होती. आता कुत्रा दृष्टीस पडणार नाही, असे दरडावून तो निघून गेला. एलिझाबेथ त्याच पावली पुन्हा शोरडिचला जायला निघाली. अखेर सेप्टिमस हा दुसरा भाऊ तिच्याऐवजी गेला आणि सहा गिनी देऊन त्याने सुटका ठरविली.

त्या रात्री फ्लश घरी आला. मळलेला, रोडावलेला, तहानेने व्याकूळ झालेला. आल्याबरोबर तो आपल्या पाण्याच्या भांड्याकडे धावला. ते भांडे तीन वेळा भरावे लागले. चोरांनी त्याला कसे ठेवले होते, हे त्याला सांगता आले नाही. त्या तीन भांड्यांनी ते सांगितले. याच महिन्यात एलिझाबेथ आणि ब्राउनिंग यांचा विवाह झाला व ती दोघे इटलीस गेली. फ्लशही त्यांच्याबरोबर गेला. तेथे त्याचे आयुष्य निर्भयपणे सरले आणि १८५४ साली फ्लॉरेन्स शहरात तो मरण पावला.

या वादात बरोबर कोण, ब्राउनिंग की एलिझाबेथ? विचार केला म्हणजे दोघेही बरोबर होते, असेच म्हणावे लागते. पैसे दिल्याने चोरी वाढते, हे खरे. आणि विश्वासाने राहिलेल्या जीवाला मरणाच्या दारी सोडू नये, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टींपैकी एक सोडण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्या दुःखाला पार नसतो. म्हणून शहाणपण हे की, अशी पाळी येऊच नये, याची तजवीज आधी करावी. ही तजवीज एकट्यादुकट्याच्या हातची नाही. तिला कायदा लागतो, संस्था लागतात आणि घरोघरच्या चांगल्या सवयी लागतात.

लंडनमध्येच १८६० साली मेरी टीलबी या बाईंनी चुकलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले. माणसे उपाशी असताना हे कुत्र्यांचे कौतुक कशाला, म्हणून त्यांची थट्टा झाली. त्या डगमगल्या नाहीत. चुकलेला कुत्रा ठेवण्यासाठी आणि मालकाने येऊन शोधण्यासाठी एक ठरलेली जागा शहराला मिळाली. ही संस्था १८७१ साली बॅटरसी भागात गेली आणि आजही तेथे तिचे काम चालू आहे.

त्याच १८६० साली भारताची दंडसंहिता मंजूर झाली. चोरी कशाला म्हणावे हे समजावून देताना तीत एक उदाहरण कुत्र्याचेच दिलेले आहे. एकाने खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला लबाडीच्या हेतूने आपल्यामागे यायला लावले, तर तो कुत्रा मागे चालू लागताच चोरी घडली, असे कायदा म्हणतो. दोरी बांधली नाही, हात लावला नाही, तरीही ती चोरीच! १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्यातही हे उदाहरण कायम आहे. इंग्लंडने तर २०२४ साली पाळीव कुत्रा वा मांजर पळविणे हा एक स्वतंत्र गुन्हाच ठरविला. कुत्रा ही खुर्ची किंवा घड्याळासारखी निर्जीव वस्तू नव्हे, हे कायद्याला उमगण्यास असा दीर्घ काळ लागला.

कायद्याचे काम चोरी झाल्यावर सुरू होते. घरच्या माणसांचे काम त्याआधीचे असते. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा आणि पट्ट्याला घरचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. पट्टा तुटतो किंवा चोर तो काढून फेकतो. म्हणून आता पशुवैद्य कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. तीत पंधरा अंकी क्रमांक असतो आणि वाचक यंत्र वरून फिरविले की तो उमटतो. ग्रेट ब्रिटनमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला ती सक्तीची आहे. आपल्याकडेही ती बसवून घेता येते. मात्र कुत्रा कोठे आहे, हे ती सांगत नाही. सापडलेला कुत्रा कोणाचा, एवढेच तिच्यावरून कळते. तेही केव्हा? नोंदीतला पत्ता खरा असेल तेव्हा. घर बदलले आणि नोंद बदलली नाही, तर तो दाणा मुकाच राहतो.

कुत्र्याला दुकानाबाहेर खांबाला बांधून आत खरेदीस जाऊ नये. परक्याच्या हातचे न खाण्याची त्याला सवय लावावी. त्याचे अलीकडचे छायाचित्र आणि अंगावरच्या खुणा घरी नोंदवून ठेवाव्यात. इतके करूनही तो चुकला, तर रडत बसण्यात वेळ दवडू नये. जेथे तो शेवटचा दिसला, तेथूनच शोध सुरू करावा. शेजारी, पशुवैद्य, प्राण्यांच्या संस्था आणि पोलीस यांना कळवावे. जाहिरात देताना एक खूण मात्र मुद्दाम हातची राखावी. कोणी 'कुत्रा सापडला, आधी पैसे पाठवा' म्हणाला, तर ती खूण त्याला विचारावी. खऱ्याला ती सांगता येते. लबाडाचे पितळ तेथेच उघडे पडते. ज्याला कुत्रा सापडतो, त्यालाही हाच नियम लागू आहे. पहिला आला तो मालक, असे समजून कुत्रा कोणाच्याही हवाली करू नये.

काही कुत्री आपली वाट आपणच शोधतात. २०२४ च्या आषाढी वारीच्या दिवसांत निपाणीजवळच्या एका खेड्यातील वारकऱ्यामागोमाग 'महाराज' नावाचा कुत्रा पंढरपूरपर्यंत चालत गेला. विठोबाचे दर्शन घेऊन वारकरी बाहेर आला, तो कुत्रा दिसेना. तो दुसऱ्याच मंडळींबरोबर गेला, असे कोणी सांगितले. पुष्कळ शोध करून वारकरी जड मनाने गावी परतला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो महाराज दारात शेपटी हलवीत उभा! सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट तोडून तो घरी पोहोचला होता. गावकऱ्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि गावजेवण केले.

त्या गावाचा आनंद कोणालाही समजण्यासारखा आहे. पण प्रत्येक कुत्र्याला अशी वाट सापडत नाही. मोटारींचे रस्ते, नद्या, परकी कुत्री, लबाड माणसे यांतून घरी परतणारा एखादाच. वाट पाहणारी घरे पुष्कळ. म्हणून महाराजाच्या गळ्यात गावाने जो हार घातला, तो त्याच्या पराक्रमाचा होता. इतर सर्वांच्या गळ्यात घालायचा तो साधा पट्टा आणि त्यावरचा बिल्ला होय. हाराची फुले दुसऱ्या दिवशी सुकतात. बिल्ल्यावरची ती चार अक्षरे मात्र, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने, अनोळखी माणसाला सांगत राहतात : याचे घर अमुक ठिकाणी आहे आणि तेथे कोणी तरी याची वाट पाहत आहे.