गोंडांचे नाव, जगाचा खडक

मराठी साहित्यातला दगड बहुधा काळा असतो. गडांचे बुरूज, घाटातले कातळ, वेरूळ-अजिंठ्याच्या भिंती हे सारे बेसॉल्टच्या घराण्यातले. नागभीडला मराठी शिकवताना आम्हांला हे वारंवार जाणवते, कारण आमच्या परिसरातल्या भूमीचे कूळ निराळे. नागभीडभोवतीचा खडक ग्रॅनाइट-नाइसच्या वंशातला, सह्याद्रीहून कितीतरी वृद्ध. गाडीने सिंदेवाही, मूल मागे टाकत चंद्रपूर गाठले की आणखी एक पालट होतो आणि तांबूस-पिवळा वालुकाश्म भेटतो.

'वालुकाश्म' हा पाठ्यपुस्तकातला शब्द. आमच्याकडे वाळूला रेतीच म्हणतात. म्हणून नदीच्या रेतीचा दगड झाला, एवढे सांगितले की वैनगंगा पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढचे समजावावे लागत नाही. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी खोलगट प्रदेशात थरावर थर रेती आणून टाकली, लोहाच्या गंजाने ती रंगली आणि सांधली गेली. नागपूरजवळच्या कामठीवरून भूवैज्ञानिकांनी या थरांना 'कामठी' म्हटले. गोंड राजांनी उभारलेल्या चंद्रपूरच्या परकोटाला हात लावून पाहावा. बेसॉल्ट असा बोटांना लागत नाही.

या खडकाखालची पाने उलटत गेले की नवल वाढत जाते. कामठीखाली बाराकरचे थर, म्हणजे दलदलीत गाडल्या गेलेल्या अरण्यांचा कोळसा. त्याखाली तालचीर, म्हणजे बर्फाने वाहून आणलेले गोटे. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनदीने घासून ओरखडे काढलेला चुनखडक सापडला आणि फेडन या भूवैज्ञानिकाने 1875 साली त्यावर लिहिले. मे महिन्यातले चंद्रपूर ज्याने सोसले आहे त्याला हे वाचताना हसू येईल. पण तो बर्फ खरा होता. त्या काळी ही भूमी दक्षिण ध्रुवाकडे होती. उघड्या खाणींत मात्र कोळशावरच्या या वालुकाश्माला 'ओव्हरबर्डन' म्हणतात, वरचे ओझे! शब्दांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शब्द टोचतो. अर्थात खाणीतल्या माणसाला तो टोचत नसेल.

या साऱ्या थरांना मिळून नाव मिळाले ते 'गोंडवाना'. 1872 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉट यांनी ते योजले. 1885 मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड स्यूस यांनी भारत, आफ्रिका आदींना एकेकाळी जोडणाऱ्या प्राचीन भूमीला तेच दिले. पुढे दक्षिणेकडच्या अखंड महाखंडाचे ते नाव झाले. ऑस्ट्रेलियाही त्याचाच तुकडा. त्याच्या वाळवंटात उलुरू नावाचा वालुकाश्माचा डोंगर आहे : 348 मीटर उंच, घेर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, आतून करडा, गंजामुळे बाहेरून लाल. मेडलिकॉटनंतर एकाच वर्षाने, 1873 साली, गॉस नावाच्या सर्वेक्षकाने त्याला एका राजकीय पुढाऱ्याचे नाव देऊन 'एअर्स रॉक' केले. तिथल्या अनांगु लोकांकडे डोंगराची मालकी 1985 मध्ये परत आली, 1993 मध्ये दोन्ही नावे अधिकृत झाली आणि 2019 पासून त्यावर चढणे बंद झाले.

तिथे परक्याचे नाव स्थानिकांच्या डोंगरावर बसले; इथे स्थानिकांचे नाव परक्यांनी पृथ्वीच्या पाठीवर पसरवले. दुसरी गोष्ट अधिक गौरवाची, असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांला तितकी खात्री वाटत नाही. आमच्या वर्गांत गोंड मुले-मुली बसतात. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत त्यांच्या जमातीचे नाव आहे. त्यांची गोंडी मात्र अजूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि घरी ती बोलणारा विद्यार्थी आमच्यासमोर बोलताना बऱ्याचदा मराठीआड लपतो.

खडक आणि भाषा दोन्हींकडे एकाच ओढीने पाहणारा एक माणूस या प्रदेशात होऊन गेला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप जीवाश्म वेचत, नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहीत, आणि गोंडांचे लिंगोगीतही त्यांनी टिपून घेतले. 1863 मध्ये ते नदीत बुडून वारले. त्यांच्या कागदांतून रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली जो ग्रंथ संपादिला, त्यात ते गीत मूळ गोंडीसह छापले आहे. लोकसाहित्याच्या तासाला ते गोंडीत कोणी वाचावे, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. आम्हां शिक्षकांना ते वाचता येणार नाही. वर्गातल्या तिघा-चौघांना येईल.