ओक्लाहोमातला वळीव

मार्च संपत आला की आमच्या ओक्लाहोमात दोन गोष्टींना बहर येतो. एक रेडबडला आणि दुसरा टीव्हीवरच्या हवामानवाल्यांच्या बडबडीला! रेडबड हा इथला राज्यवृक्ष. आपल्या पळसासारखाच तो आधी फुलतो, पानं मागाहून येतात. गव्हाची शेतं हिरवीगार असतात, खाली माती कोकणातल्यासारखी तांबडीलाल. नव्यानं आलेल्या मराठी माणसाला वाटतं, चला, घरच्यासारखंच आहे की! मग एखाद्या दुपारी उकडायला लागतं, दक्षिणेकडून दमट वारा सुटतो, पश्चिमेला ढगांचे डोंगर उभे राहतात आणि मन म्हणतं, आता वळीव येणार. येतोही. पण हा वळीव आपल्या ओळखीचा नव्हे.

आपल्याकडे वैशाखात गडगडलं की माणूस सुखावतो. काहिली थांबते, मातीचा वास सुटतो, पोरं गारा वेचायला अंगणात धावतात. वीज पडून माणसं-जनावरं दगावतात, आंब्याचं नुकसान होतं, हे खरंच. तरीही ढग म्हणजे एकंदरीत आनंदाची बातमी. इथे मात्र तोच ढग दिसला की लोक आधी टीव्ही लावतात. हे असं का, ते नीट कळलं की भीती निम्म्यानं कमी होते आणि सावधपणा दुपटीनं वाढतो, म्हणून हा लेखप्रपंच.

वसंतात या सपाट मुलखावर तीन वारे एकत्र येतात. जमिनीलगत मेक्सिकोच्या आखातावरची ओली, उबदार हवा. वाटेत तिला अडवायला एक डोंगर नाही. तिच्यावर नैर्ऋत्येच्या पठारांवरून आलेला कोरड्या, गरम हवेचा थर. आणि त्याहून वर पश्चिमेकडून रॉकी पर्वत ओलांडून येणारा जोरकस वारा. मधल्या कोरड्या थराला इथले लोक 'कॅप' म्हणतात. म्हणजे कुकरचं झाकणच! दिवसभर खाली वाफ कोंडत राहते. झाकण घट्ट बसलं तर संध्याकाळ कोरडी जाते. पण ते उडालं, तर तासाभरात ढग आठ-दहा मैल उंच जातो.

एवढ्यानं नुसता मोठा पाऊस आणि गारा पडल्या असत्या. पण खालचा वारा दक्षिणेचा आणि वरचा पश्चिमेचा, त्यात वरचा जास्त वेगवान. त्यामुळे मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी गरगरते. वर चढणारी हवा हे लाटणं उभं करते आणि ढगाचा गाभाच फिरायला लागतो. हा 'सुपरसेल'. बहुतेक सुपरसेल गारांवर भागवतात, थोड्यांतूनच टॉर्नेडो उतरतो. आपल्या वळवाला वरच्या वाऱ्याची अशी साथ सहसा नसते, म्हणून तो बरसून मोकळा होतो. आपली वावटळ तर कडक उन्हात जमिनीवरून उठते. टॉर्नेडो ढगातून खाली येतो. दोघांचं नातं फक्त दिसण्यापुरतं.

टॉर्नेडोचा अंदाज बांधायची सुरुवातही इथलीच. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई तळावर टॉर्नेडो आदळला आणि विमानांचा चुराडा झाला. हवाई दलाच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांना हुकूम झाला, याचा आगाऊ अंदाज बांधता येतो का ते पाहा. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, हवामानाचा नकाशा तसाच दिसू लागला. दोघांनी धीर करून इशारा दिला आणि त्याच संध्याकाळी त्याच तळावर पुन्हा टॉर्नेडो आला! तोपर्यंत लोक घाबरतील म्हणून सरकारी अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दसुद्धा टाळत असत. आज साऱ्या अमेरिकेचे वादळाचे अंदाज इथून जवळच, नॉर्मन गावच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरमधून निघतात.

त्या अंदाजाच्या पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. नकाशावर त्यांचे रंग अनुक्रमे गडद हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि जांभळट गुलाबी. पिवळा रंग वसंतात सारखाच दिसतो. त्यावर मंडळाचा कार्यक्रम रद्द करायचं कारण नाही. लाल दिसला की मात्र संध्याकाळचे बेत पुढे ढकलावेत, कारण बहुतेक टॉर्नेडो दुपारी चार ते रात्री नऊ या वेळातले, म्हणजे ऐन दिवेलागणीचे.

मग 'वॉच' आणि 'वॉर्निंग'. नवीन मंडळींचा गोंधळ होतो तो इथेच. वॉच म्हणजे फोडणीचं तेल तापलंय. वॉर्निंग म्हणजे मोहरी तडतडली! वॉचमध्ये फोन चार्ज करायचा, मुलांना घरात घ्यायचं. वॉर्निंग आली की आणखी चौकशी न करता आसऱ्याला जायचं.

हाताशी वेळ फार थोडा असतो. ३ मे १९९९ ला ब्रिज क्रीक आणि मूर या गावांवरून गेलेल्या टॉर्नेडोनं ३६ बळी घेतले. त्या दिवशी काही माणसं हायवेच्या पुलाखाली थांबली आणि त्यातली तीन दगावली. पुलाखाली वारा आणखी चेपून जोरात येतो, तो आसरा नव्हेच. २० मे २०१३ ला पुन्हा मूरच. वॉर्निंग निघाल्यापासून टॉर्नेडो जमिनीला टेकेपर्यंत १६ मिनिटं मिळाली. २४ जण गेले, त्यांतली सात प्लाझा टॉवर्स शाळेतली चिमुरडी. शाळा नव्यानं बांधली ती सुरक्षित खोल्यांसकट, आणि २०१४ मध्ये मूरनं घरबांधणीचे नियमही कडक केले.

२०१९ साली माझ्या सासूबाई इकडे होत्या. २० मेला, म्हणजे मूरच्या त्या दिवसाला बरोबर सहा वर्षं झाली त्या सोमवारी, 'हाय रिस्क' जाहीर झाली. शाळा बंद. आदल्या रात्रीच मी आतल्या क्लॉजेटमध्ये पाण्याच्या बाटल्या, औषधं, पासपोर्ट आणि मुलांची सायकलची हेल्मेटं नेऊन ठेवली. देव्हारा आमचा तिथेच आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाऊस येतोय आणि तू सगळ्यांना कोंडून काय ठेवतेस? जरा बाहेर बसू या की!" राज्यात इतरत्र टॉर्नेडो झाले, पण आमच्या भागात धास्ती होती तसं काही झालं नाही. रात्री त्या हसून म्हणाल्या, "एवढी तयारी केलीस, ती फुकटच गेली की!" मी म्हटलं, "आई, फुकट गेली हेच बरं." मग मी त्यांना मूरच्या शाळेची हकीकत सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉकर आणि चष्म्याचं जुनं घर त्यांनी स्वतःच क्लॉजेटपाशी नेऊन ठेवलं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील एप्रिल-मेमध्येच इकडे येतात. आपण ऑफिसात असतो आणि ते घरी एकटे. म्हणून त्यांना आल्या आठवड्यातच घरातली जागा दाखवून ठेवा. खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली, मधली खोली. इथे तळघरं फार थोड्या घरांना असतात, गॅरेजच्या जमिनीत शेल्टर असेल तर उत्तमच. त्यात उतरायची तालीम मात्र उन्हं असतानाच करा. पायात बूट हवेत, नंतर काचा असतात. भोंगा बाहेरच्या लोकांसाठी असतो, घरात तो ऐकू येईलच असं नाही, तेव्हा वेदर रेडिओ घ्या. आणि ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी होते, हेही सांगा. नाहीतर निरभ्र आकाशाखाली आजी-आजोबा क्लॉजेटमध्ये आणि वरणभात टेबलावर निवतोय!

वादळ पूर्वेला सरकलं की पश्चिमेची उन्हं ढगाखालून येतात आणि समोर इंद्रधनुष्य उभं राहतं. तांबड्या मातीचा वास सुटतो तो थेट आपल्याकडचाच. सासूबाईंना तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून देत असे. चहा आल्याचा, आणि टीव्ही आत चालूच.