बाकाबाईंचा वाडा

वाड्याचा इतिहास लिहायला बसणारा मनुष्य प्रायः धनी पुरुषांची मालिकाच मांडतो, आणि नागपूरच्या महालातील भोसल्यांच्या राजवाड्याची तशी मालिका मांडणे कठीणही नाही: देवगडच्या बख्तबुलंदाने वसविलेल्या या नगरात पहिल्या रघूजींनी आपली राजधानी आणली, गोंड राजास नावापुरते राज्य व तनखा देऊन बाजूस बसविले, आणि पुढे जानोजी, मुधोजी, दुसरे रघूजी अशी मालकी चालत राहिली. काळ्या पाषाणाची ती वास्तू लाकडावरील कोरीवकामासाठी विख्यात होती. मला मात्र तिच्या खऱ्या धनीण वाटतात त्या दुसऱ्या रघूजींच्या राणी बाकाबाई.

१८१६ मध्ये पती निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांचे दुर्बळ पुत्र परसोजी बिछान्यात मृत आढळले. परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब गादीवर आले आणि इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तीही गमावून बसले. मग अल्पवयी तिसऱ्या रघूजींच्या नावाने रेसिडेंट जेंकिन्सने साऱ्या राज्याचे दप्तर आपल्या ताब्यात घेतले, तेव्हा बालराजाचा सांभाळ आणि वाड्याचा कारभार एवढेच बाकाबाईंकडे उरले. ‘एवढेच’ हे इंग्रजी दप्तराचे माप झाले. घर चालविणाऱ्या स्त्रीस ते सर्वस्व असते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि सरकारी हात दिवाणखान्यापर्यंत पोहोचला. हत्ती, घोडे, उंट, बैल सीताबर्डीस लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. इतिहासकार जॉन विल्यम के लिहितो की, सामानसुमान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, अशी धमकी वृद्ध बाकाबाईंनी दिली. सामान हललेच. राज्य गेले तेव्हा अर्ज-विनंत्या करणारी ही बाई घरातल्या वस्तूंना हात लागताच आगीची भाषा बोलली, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

त्या १८५८ मध्ये वारल्या. वाडा जळाला तो १८६४ मध्ये, आणि त्याचा भव्य नगारखाना तेवढा उभा राहिला.

लोकांनी मात्र त्यांना वेगळ्याच आगीत घातले. तान्ह्या पोळ्याला इडापिडेसह जाळला जाणारा काळ्या मारबतीचा पुतळा म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाईच, अशी नागपूरकरांची समजूत आहे. सत्तावनच्या धामधुमीत त्यांनी घराण्यास उठू दिले नाही, हे खरेच; तो आरोप मी पुसू इच्छीत नाही. पण फौज नाही, खजिना नाही, दत्तकाचा हक्क सरकारच्या मर्जीवर टांगलेला, अशा अवस्थेत त्यांनी घर तगविण्याचा एकच मार्ग पाहिला. आणि पुढे तिसऱ्या रघूजींच्या मागे दत्तक घेतलेल्या जानोजींना ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब मिळाला, तो त्याच सत्तावनच्या इमानाची बक्षिशी म्हणून.