माइकवरची भाषा

परभाषेचा राजमार्ग व्याकरणातून जातो, असे आमच्या पिढीला शिकविले गेले. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही लॅटिनची रूपे घोकली. इंग्रजीचे काळही आधी वहीत उतरले आणि मग जिभेवर आले. त्या शिस्तीविषयी आमच्या मनात आजही आदर आहे. परंतु नाशिकरोडच्या आमच्या धर्मग्रामातील मुले अलीकडे हिंदी, आणि तिच्या आधाराने थोडी इंग्रजी, ज्या आडवाटेने शिकत आहेत, तिचीही दखल पालकांनी घ्यावी असे वाटते.

ही आडवाट म्हणजे मोबाइलवरचा खेळ. घरोघरी 'पबजी' म्हणून ठाऊक झालेल्या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असे नाव धारण करून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. इतके पुनर्जन्म फार थोड्या खेळांच्या वाट्याला आले असतील! एका डावात शंभरपर्यंत खेळाडू. चौघांची एक तुकडी. तुकडीतले उरलेले तिघे यंत्रच निवडून देते. मुले त्यांना 'रँडम' म्हणतात. एक कानपूरचा, एक गुवाहाटीचा, एक कोचीचा. तिथे मराठी कामाची नाही, आणि शत्रू कोणत्या भिंतीआड आहे हे तर गोळी सुटण्यापूर्वी सांगायला हवे.

दहावीतल्या एका मुलाची आई आमच्याकडे आली. मुलगा मराठी माध्यमाचा. "फादर, रात्री बारा वाजता पोरगं कुणाशी तरी हिंदीत भांडतंय. आणि हिंदीच्या पेपरात चार ओळी लिहिता येत नाहीत त्याला. तुम्हीच समजावा." आम्ही मुलाला बोलावले, आणि तो काय बोलतो तेच आधी विचारले.

त्याने जे सांगितले ते भाषेच्या शिक्षकांनी ऐकावे असे होते. प्रारंभी त्याच्या तोंडी केवळ आज्ञार्थ होता: रुको, भागो, इधर आओ, कव्हर दो. डाव चालू असताना दुसरे काही लागतच नाही. पण डाव हरला की चौघे भांडतात, आणि भांडणाला भूतकाळ लागतो. कोण कुठे होता, कोणी कोणाला सोडून पळ काढला. पाठोपाठ संकेतार्थही येतो: तू आला असतास तर मी वाचलो असतो! हा मुलगा 'मैं देखा' म्हणत असे. मराठीत 'मी पाहिले' म्हणताना 'मी'ला 'ने' जोडावा लागत नाही, त्यामुळे ही चूक आपल्याकडे घरोघरची. पाठ्यपुस्तकाने ती अनेकदा दुरुस्त केली होती. कानपूरचा मुलगा एकदा खो खो हसला आणि 'मैंने' कायमचे बसले.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, तेव्हा तिथल्या बोलीचे छापील व्याकरण उपलब्ध नव्हते. भाषा माणसांकडूनच घ्यायची होती. १६१६ मध्ये त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण मात्र राचोल येथे १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापले गेले.

अर्थात स्टीफन्स साष्टीतल्या लोकांत राहिले, त्यांच्या सुखदुःखात वावरले. आमच्या मुलाला गोळी झाडण्याबद्दल दहा प्रकारे बोलता येते, समोरच्याच्या आईची प्रकृती विचारता येत नाही. शिव्यांचा साठाही बरा जमला आहे. शिवाय हे 'रँडम' कोण, किती वयाचे, हे कोणास ठाऊक? अल्पवयीनांसाठी खेळात दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली; वडिलांचा नंबर देऊन ती ओलांडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. म्हणून त्या माउलीला आम्ही सुचविले की मोबाइल हिसकावू नका; रात्री दहाला तो तुमच्या उशाशी असू द्या, आणि आपले नाव, शाळा, छायाचित्र कोणालाही द्यायचे नाही हे मुलाकडून कबूल करून घ्या. तिला ते पुरतेपणी पटले नाही. तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हांसही पटले नसते.

त्याच आठवड्यात चर्चच्या सभागृहाला रंग देण्याचे काम चालू होते. रंगारी गोरखपूरकडचे, साठीचे गृहस्थ. मुलगा त्यांच्यापाशी जाऊन ऐटीत म्हणाला, "तू कहाँ से है?" हिंदी अगदी अस्खलित! म्हाताऱ्याने कुंचला डब्यावर आडवा ठेवला आणि शांतपणे म्हटले, "बेटा, आप बोलो." मुलगा कानापर्यंत लाल झाला. खेळात 'आप' त्याच्या कानावर कधी पडलेच नव्हते. त्याने प्रश्न पुन्हा, नीट विचारला. मग ती जोडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलत बसली: गाव, ऊस, तीन मुलींची लग्ने.

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर तो आमच्याकडे आला. "फादर, त्या कानपूरवाल्याला मी 'आप' म्हटलं तर तो हसेल का?"

"म्हणून बघ," आम्ही म्हणालो.