गोड्या पाण्याचा मुलूख

जळगाव म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला खानदेशातली केळी आठवतात. पण बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणखी एक जळगाव आहे. घोटाळा नको म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडले गेले. नागपूरच्या गाडीने नांदुऱ्यास उतरावे, उत्तरेची सडक धरावी. पूर्णा ओलांडली की हा तालुका आलाच.

ऊन येथे मागाल तितके. अडचण पाण्याची. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही! हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. चिकण काळ्या मातीतून निचरा होत नाही. ऊन पाणी उडवून नेते आणि क्षार मागे ठेवते. हे पाणी पिकाला दिले तर जमीन बिघडते. म्हणून कापूस, तूर, हरभरा सारे पावसाच्या ओलीवर. डोंगराच्या पायथ्याला गोडे पाणी आहे, तेथे संत्र्याच्या बागा दिसतात. खाली खेड्यांत मात्र मूत्रपिंडाच्या आजाराने कितीतरी घरे खचली. वान धरणाचे पाणी नळाने आणण्याची धडपड त्यासाठीच.

करमणूक म्हणाल, तर अक्षय्य तृतीयेला भेंडवळला चला. घटमांडणीची ही प्रथा सुमारे ३५० वर्षांची म्हणून सांगतात. शेतात १८ धान्यांचे रिंगण मांडतात. मध्ये मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाचे चार महिने, आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणीतले फरक पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. शास्त्राचा त्याला आधार नाही. तरी शेतकरी कान देऊन ऐकतो. ज्याचे वर्ष चार ढेकळांवर तोललेले, तो ऐकणारच!

शास्त्राचे शिक्षण दुसऱ्या वाटेने आले. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले. शेततळ्यांचा मार्ग त्याने या पट्ट्याला सांगितला: पावसाचे पाणी गोडे आहे, ते खारात मिसळण्याआधीच अडवा. निचरा न होण्याची जी खोड, तीच येथे कामी येते. काळी माती पाणी धरून ठेवते.

जिल्ह्याचे नामांकित तळे लोणारचे, तेही खारे. या शेतातल्या लहान तळ्यांना कोणी पाहायला जात नाही. तुम्ही गेलात, तर घरधनी आधी तांब्या पुढे करील. त्यातले पाणी सांडू नका.